आवळीच्या कोंडावरचा मळीचा खड्डा

माझ्या पर्समध्ये तीस वर्षं माती असायची. कुणीतरी रस्त्यात गाठून कागदाची पुडी हातात द्यायचं, "मॅडम, एवढी तपासून घ्या," आणि ती पुडी पर्समध्ये फुटायचीच. कृषी सहायकाचं काम काय असतं हे सांगायला मला यापेक्षा सोपी खूण सापडत नाही. बियाणं, खतं, योजनांचे अर्ज, नुकसानीचे पंचनामे हे सगळं असतंच, पण माझा जीव रमायचा तो मातीच्या नमुन्यात. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा घ्यायचा, प्रत्येकातली थोडी माती काढायची, सगळी एकत्र कालवायची आणि त्यातली मूठ-दोन मूठ प्रयोगशाळेला पाठवायची. एका गृहस्थांनी मला मुद्दाम उकिरड्याजवळची माती आणून दिली होती. का, तर रिपोर्ट चांगला यायला पाहिजे! बिरवाडीच्या एका बाई विहिरीचं पाणी खोबरेल तेलाच्या बाटलीतून घेऊन आल्या आणि वरचा तवंग दाखवून एमआयडीसीवर तक्रार लिहा म्हणून हटून बसल्या. हसण्यासारखं खूप होतं या नोकरीत. आज जे सांगणार आहे त्यात मात्र ते फारसं नाही, आणि त्यातली पहिली चूक माझी आहे.

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाचा रस्ता चढायला लागला की उजव्या हाताला डोंगराची एक सोंड खाली उतरते. तिच्या पायथ्याशी आवळीचा कोंड. कोंड म्हणजे आमच्याकडे वीस-पंचवीस घरांची वस्ती. त्यातली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात, कारण माणसं मुंबईला. शांताराम सकपाळ त्यातलेच, पण परत आलेले. मुंबईत एका उंच इमारतीत लिफ्टमन होते. "एवढी वर्षं वरखाली केलं मॅडम, आता एका जाग्यावर उभा ऱ्हानार," असं म्हणून त्यांनी वडिलांची पडीक पडलेली खाचरं पुन्हा लावायला घेतली. सोंडेच्या एका अंगाला त्यांची चार भातखाचरं, एकाखाली एक. मधल्या माथ्यावर, रस्त्याला लागून त्यांचं वरकस, म्हणजे नाचणी-वरी पिकवायची उताराची हलकी जमीन. आणि सोंडेच्या दुसऱ्या अंगाला, खाली, कोंडाची झऱ्याची विहीर. मे महिन्यात आजूबाजूचे ओढे आटले तरी ती आटायची नाही.

एकदा शांतारामभाऊंनी मला ग्रामपंचायतीत पाण्याच्या बाटलीतून एक काळा-तपकिरी द्रव आणून दाखवला. बूच उघडल्याबरोबर करपलेल्या गुळात आंबट ताक ओतल्यासारखा वास आला.

"फुकट हाय मॅडम. घाटावरच्या इथेनॉलच्या कंपनीतनं येतं. टँकर आनून देतात. टाकू का?"

ते काय असतं ते थोडक्यात सांगते. मळीपासून, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या चिकट काकवीपासून इथेनॉल करतात. मळी पाण्यात कालवून आंबवायची, उकळून त्यातला अर्क काढून घ्यायचा. मागे जे पाणी उरतं ते अर्काच्या कितीतरी पट असतं. कारखान्याची भाषा वेगळी, पण आमच्याकडे सगळे त्याला मळीचंच पाणी म्हणतात. गंमत अशी की ते विष नाही. त्यात पालाश भरपूर, थोडं नत्र, भरपूर सेंद्रिय द्रव्य. घाटावरच्या खोल काळ्या जमिनीत उन्हाळ्यात मोजून, पातळ थर देऊन, नांगरून महिना-दोन महिने उघडं ठेवलं तर जमीन सुधारते. पण त्यात क्षारही असतात. आणि ते पाण्यात गेलं की त्यातलं द्रव्य कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं.

मी शांतारामभाऊंना नको म्हणायला हवं होतं. पण मला उत्सुकता होती. चांगला कृषी सहायक व्हायचं तर थोडी उत्सुकता लागतेच, तीच माझ्या अंगाशी आली. नदीकाठच्या एका गाळाच्या तुकड्यात, हिवाळ्यात, दहापट पाणी घालून मी ते टाकून बघितलं. त्यावर जो मका आला तो माझ्या डोक्याच्याही वर वाढला. हात वर करून मक्यात उभी असलेली मी, असा फोटोसुद्धा काढला. वर दीड पानाचं टिपण लिहिलं: पालाशयुक्त द्रवखत म्हणून उपयोगी, उत्पादनात चांगली वाढ, आणि शेवटच्या ओळीत, मात्र केवळ भारी जमिनीत, मोजून व पाणी मिसळून, उतारावर व पाणवठ्याजवळ टाळावे.

दुसऱ्या वर्षी कंपनीचा एजंट विलास तालुक्यात फिरू लागला. पांढरा शर्ट, गोड बोलणं. त्याच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. पत्रकावर मक्यातली मी होते आणि माझं टिपण होतं. शेवटची ओळ नव्हती. ते पत्रक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला फोन करून रागावले. तो म्हणाला, "मॅडम, जागा पुरली नाही हो." मी वरिष्ठांना एक पत्र लिहिलं, पोच घेतली आणि खरिपाच्या कामाला लागले. पोच घेतली की काम झालं असं वाटायची सवय सरकारी नोकरीत लागते.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी बियाण्याच्या याद्या करत होते, तेव्हा सुलोचना वहिनींचा फोन आला. सुलोचना वहिनी म्हणजे शांतारामभाऊंच्या चुलत भावजय. नवरा मुंबईत, मुलं मुंबईत, कोंडावरच्या बायकांचा सगळा कारभार यांच्याकडे. त्या कधी फोन करत नसत.

"मॅडम, पान्याला वास येतोय गो."

"कसला वास?"

"गुलाचा. काल धुनं धुवायला गेलेली पोर सांगत होती, मला खरं नाय वाटलं. आज मीच हुंगलं."

मी स्कूटर काढली. वळणावळणाच्या रस्त्यावर वेगात गाडी चालवायचा माझा स्वभाव नाही, पण त्या दिवशी चालवली. विहिरीवर आठ-दहा बायका हंडे खाली ठेवून उभ्या होत्या. पाणी दिसायला स्वच्छ होतं. माझ्याकडे पेनाएवढा एक मीटर असायचा, पाण्यातला खारेपणा दाखवणारा. या विहिरीचा आकडा मला पाठ होता, कारण इतका गोड आकडा माझ्या सात गावांत दुसऱ्या कुठल्याच विहिरीचा नव्हता. मीटर पाण्यात धरला. आकडा दुप्पट झालेला होता. मी पुसून पुन्हा धरला. तोच.

"पिऊ नका," मी म्हटलं. "आजपासून कुणीही नाही. गुरांनासुद्धा नाही."

"मग काय पिवायचं?" एकीने विचारलं. मी सोंडेवर चढायला लागले. वहिनी माझ्या मागोमाग.

वरकसावर पोचले. शांतारामभाऊंच्या नाचणीच्या जागेत चांगल्या घराएवढा खड्डा खणलेला होता आणि त्यात काठोकाठ मळीचं पाणी. एजंटने सांगितलं होतं, उन्हाळ्यात साठवून ठेवा, पेरणीच्या आधी सोडा. खाली प्लास्टिक अंथरलं होतं. पण विहिरीच्या बाजूचा काठ म्हणजे जुनाच मातीचा बांध होता. मी त्याच्या पायथ्याशी वाकले. माती ओली, तेलकट. आणि बांधात बोटभर, दोन बोटं अशी भोकं. मागच्या पावसातली खेकड्यांची बिळं. त्यातल्या तीन बिळांतून काळं पाणी धारेने येत होतं. माझ्यासमोर एका बिळाच्या तोंडाची माती सुटली आणि धार जाड झाली.

प्लास्टिक कुठेतरी फाटलं होतं, हे उघड होतं. झिरपणं आधीपासून चालू असणार, म्हणून विहिरीला वास. पण आता प्रश्न झिरपण्याचा नव्हता. बांध फुटला असता तर तो अख्खा खड्डा सरळ विहिरीत आणि तिथून ओढ्यात गेला असता. महाबळेश्वरच्या बाजूने आभाळ भरून येत होतं. दुपारनंतर वळवाचा पाऊस पडणार हे कुणालाही कळलं असतं, आणि त्या काठोकाठ खड्ड्यात आणखी एक सर मावणार नव्हती.

मी एजंटला फोन लावला. "मॅडम, एक गाडी निघालीये बघा, घाटात असेल, ड्रायव्हरला रेंज नाही," म्हणाला आणि नंतर त्याचाच फोन लागेना. ज्या कार्यालयाने अशा गोष्टी बघायच्या तिथे फोन केला. तिथल्या बाई सौजन्याने म्हणाल्या, तक्रार लेखी द्या, नमुना घ्यायला माणूस येईल. "कधी?" "पाठवू."

तेवढ्यात शांतारामभाऊ खालून आले. मी बोट करून बांध दाखवला. त्यांनी पाहिला, पण मान्य करेनात.

"थोडा लिकेज हाय. मी माती लावतो. टेन्शन घेऊ नका."

"भाऊ, माती आतून वाहून चाललीय. हा बांध आज जाणार."

"नाय जानार! माझ्या आजाने घातलेला बांध हाय तो."

"तुझ्या आजाने पावसाच्या पान्याला घातलेला, ह्या गटाराला नाय," वहिनी म्हणाल्या. "आमी काय पिवायचं ते सांग आधी."

शांतारामभाऊंनी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि उघडून माझ्यासमोर धरला. मक्यातली मी, हात वर केलेली, हसणारी.

"तुमीच सांगितलंत ना मॅडम? हा फोटो कुनाचा हाय?"

मी म्हणू शकले असते की शेवटची ओळ कापली. वरिष्ठांना पत्र लिहिलंय, पोच आहे. ते सगळं खरं होतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या आणि त्या कागदावर दुसऱ्या कुणाचा फोटो नव्हता.

"माझा आहे," मी म्हटलं. "तेव्हा मी इथे येऊन तुम्हाला तोंडाने सांगायला हवं होतं, ते केलं नाही. आता सांगते, हा खड्डा आत्ता रिकामा करायला हवा. विहिरीच्या बाजूला सोडता येत नाही. दुसरीकडे फक्त तुमची खाचरं आहेत."

त्यांनी सोंडेच्या त्या अंगाला बघितलं. चार खाचरं, बांधबंदिस्ती केलेली, पालापाचोळा जाळून भाजणी केलेली, पावसाची वाट बघत असलेली. मुंबईहून परत आल्यावर या माणसाने दगड वेचून वेचून ती तयार केली होती. चारही बाजूंनी बंद, तळाला चिकणमाती, उतार विहिरीपासून उलट. पाणी थांबवून धरायला त्या टेकाडावर तेवढीच जागा होती.

"जमीन जाईल काय?"

"एवढं एकदम दिलं तर पीक बिघडेल. क्षार राहतील."

"किती वर्सं?"

"माहीत नाही, भाऊ."

इकडे बांधातून येणाऱ्या धारेचा आवाज ऐकू यायला लागला होता. वहिनींनी भाऊंना एका शब्दाने ढकललं नाही. मग शांतारामभाऊंनी तो कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि कुदळ आणायला निघाले.

"खोदू नका," मी ओरडले. "तोंड खोदलं तर माती कापत जाईल, सगळं एकदम सुटेल, खाचरांचे बांध फुटतील."

मग कसं, हे मलाही ठाऊक नव्हतं. इतक्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. घाट उतरून टँकर आला होता. वहिनी माझ्याआधी धावल्या आणि टँकरसमोर रस्त्यात जाऊन बसल्या. विहिरीवरच्या बायकाही चढून आल्या आणि त्यांच्या शेजारी हंड्यांसकट बसल्या.

ड्रायव्हर पन्नाशीचा, वाईकडचा. वैतागून खाली उतरला. "ताई, असं काय करताय? मला सांगितलंय हितं वताया. वतल्याबिगर माघारी आलास तर येऊ नगंस म्हनत्यात. भरल्या गाडीनं घाट कसा चढू मी?"

मी त्याला काही न बोलता बांधापाशी नेलं. त्याने ती धार बघितली, खालची विहीर बघितली, मग रस्त्यातल्या बायका. टोपी काढून डोकं खाजवलं.

"ह्ये माझंच पानी हाय व्हय?" तो हळूच म्हणाला. "तीन खेपा मीच वतल्यात." आणि मग एकदम, "पाइप हाय की माझ्याकडं. दोन हायत. जोडू."

जे मला सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं, कारण त्याचा जन्म पातळ पदार्थ एकीकडून दुसरीकडे ओढण्यात गेला होता. दोन जाड पाइप जोडून सोंडेवरून खाचराकडे सोडले. पाइप आधी टँकरमधल्याच पाण्याने गच्च भरून घेतला, एक टोक खड्ड्यात बुडवलं, खालचं टोक उघडलं. दोनदा हवा घुसून धार तुटली. तिसऱ्यांदा लागली. खड्ड्यातलं पाणी आपल्या वजनाने खाली ओढलं जाऊ लागलं, हाताच्या मनगटाएवढी धार, वरच्या खाचरात.

पुढचे तीन तास मला नीट आठवतात, तरी क्रमाने सांगता येणार नाहीत. बायका पेंढा आणि चिकणमाती कालवून बिळं बाहेरून दडपत होत्या. एक बुजलं की शेजारचं सुटायचं. शांतारामभाऊ गुडघाभर काळ्या चिखलात उभे राहून खाचरांची तोंडं उघडत होते, वरचं भरलं की दुसरं, मग तिसरं. मी त्यांना सांगत होते, चार बोटांपेक्षा जास्त चढू देऊ नका. एकदा बांधाचा हातभर तुकडा माझ्या पायाजवळ ढासळला आणि एका बाईच्या तोंडून किंकाळी निघाली. सगळ्या मागे सरल्या. वहिनी सरल्या नाहीत. त्यांनी हातातली पेंढ्याची अख्खी पेंडी त्या भगदाडात कोंबली आणि तिच्यावर पाठ लावून बसल्या.

"बगताय काय? माती आना गो!"

पाऊस आला तेव्हा खड्डा निम्म्याच्या खाली गेला होता. धो धो सर आली, अर्धा तास पडली. आम्ही कुणी आडोशाला गेलो नाही. बांधाकडे बघत भिजत उभे राहिलो. बांध राहिला.

ड्रायव्हर भरली गाडी पोलादपूरला उभी करून दुसऱ्या दिवशी उजेडात घाट चढून माघारी गेला. जाताना मला म्हणाला, "मला कामावरनं काढलं तर काढू द्या ताई, पर माझं नाव कागदावर घालू नका." मी घातलं नाही, आत्ताही घालत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. पण दोन दिवसांनी विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. आधीच झिरपलेलं कातळाच्या भेगांतून तिथे पोचलंच. खालच्या ओढ्यातल्या एकुलत्या एका डोहात बोटाएवढे मासे तोंडं वर करून पाण्याबाहेर श्वास शोधत होते. दुसऱ्या दिवशी ते पांढरे होऊन तरंगत होते. फुटलेल्या खड्ड्याने याच्या किती पट झालं असतं हे मला कळत होतं, पण ज्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरपुढे रांग लावावी लागली त्यांना ते सांगण्यात काय अर्थ होता?

चौकशी झाली. मी लेखी जबाब दिला आणि त्यात माझं टिपण, माझा फोटो आणि मी कोंडावर जाऊन न सांगितलेली गोष्ट, हे तिन्ही लिहिलं. एका सहकाऱ्याने सल्ला दिला होता की स्वतःहून कशाला लिहिता. मला ठपका आला, वेतनवाढ अडली नाही. कारखान्याने उरलेलं पाणी उपसून नेलं, टँकर घाटातून यायचे बंद झाले. विलास एजंट पुन्हा दिसला नाही.

शांतारामभाऊंच्या खाचरांत त्या पावसाळ्यात भात काळंभोर, कमरेएवढं आलं. बघणारे थांबून बघत. मग ते सगळं आडवं झालं, लोंब्या पोचट. जास्त नत्राने असंच होतं. दुसऱ्या वर्षी मधे मधे टक्कल पडल्यासारखे पट्टे राहिले. मी दर हंगामात जाऊन नमुने घेत होते, हिरवळीचं खत गाडायला लावत होते. कोकणच्या पावसाने क्षार धुऊन नेले, हे आमच्या जमिनीचं नशीब. तिसऱ्या वर्षी त्यांना पोटापुरतं भात झालं. त्या दुपारनंतर त्यांनी तो कागद मला कधी दाखवला नाही. दाखवला असता तर बरं वाटलं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

विहिरीला जास्त वेळ लागला. दोन पावसाळे गेले, रंग गेला, वास गेला, मीटरवरचा आकडा हळूहळू खाली आला. तिसऱ्या उन्हाळ्यात, माझ्या निवृत्तीला महिनाभर असताना, प्रयोगशाळेचा कागद आला: पाणी पिण्यास योग्य. मी तो घेऊन कोंडावर गेले. विहिरीवर सुलोचना वहिनी भांडी घासत होत्या. प्यायचं पाणी त्या अजून रस्त्यापलीकडे नंतर बसवलेल्या नळावरून, चढ चढून आणत होत्या. सगळ्याच बाया आणत होत्या. मी कागद वाचून दाखवला.

"कागद ऱ्हाऊ दे, बाय," त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्यांनी तांब्या विसळला, विहिरीतून भरून काढला आणि माझ्यापुढे धरला. "तुमी प्या."

तोवर आणखी चार-पाच जणी जमल्या होत्या. कागदावरचा प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता. तरी तांब्या हातात घेतल्यावर मी तो आधी हुंगला. ते त्यांनी पाहिलं. मग मी सगळा प्यायले. पाणी थंड होतं आणि त्याला कसलीच चव नव्हती.

मी तांब्या परत दिला आणि निघायला वळले.

"अशा कुठं निगालात? बसा की. तासभर थांबा."

मी विहिरीच्या काठावर बसले. त्या समोर बसल्या, बाकीच्याही. एकजण मधून मधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. ऊन पायरीवरून खाली सरकलं. तास झाल्यावर सुलोचना वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, पदर खोचला आणि प्यायच्या पाण्याची कळशी विहिरीत सोडली.